बर्फातला हिवाळा आणि परसातल्या कोंबड्या: खुराडं कोरडं ठेवा, बाकीचं त्या बघून घेतात

बर्फ पडायला लागला की कोंबड्या पाळणाऱ्या नवीन माणसाचा हात सगळ्यात आधी हीटरकडे जातो. साहजिक आहे, आपण दोन स्वेटर घालून कुडकुडतोय मग त्या बिचाऱ्या रात्र कशी काढत असतील असं वाटणारच. पण कोंबडीच्या अंगाचं तापमान असतं ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि त्यावर आतून मऊ पिसांचा थर, वरून एकमेकांवर चढलेली मोठी पिसं. पिसं फुगवून ती मधे हवा कोंडून घेते आणि त्या हवेच्या जोरावर पूर्ण वाढलेली, धडधाकट कोंबडी उणे १०, उणे १५ ची रात्रसुद्धा निभावते. पायांना पिसं नाहीत तर तिथेही सोय आहे, पायात खाली उतरणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त यांच्या नळ्या अगदी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे उष्णता वरच्या वर परत फिरते, पाय गार राहतात पण अंग गारठत नाही.

मग हिवाळ्यात कोंबड्या आजारी का पडतात, तुरे काळे का पडतात? बहुतेक वेळा कारण एकच, ओल. कोरडी कोंबडी थंडी सहन करते, ओली कोंबडी नाही करत, कारण पिसं भिजली की चिकटतात आणि आत कोंडलेली हवा गेली. आणि दुसरं म्हणजे थेट अंगावर येणारा वाऱ्याचा झोत, तोही हेच करतो, पिसं उचकटतो आणि आतली गरम हवा घेऊन जातो. या दोन गोष्टी सांभाळल्या की ८० टक्के काम झालं असं माझं मत आहे. खाली जे काही सांगतोय ते फिरून फिरून इथेच येणार आहे.

झरोके बंद करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. थंडी आली की लोक खुराड्याची प्रत्येक फट बुजवतात, वरून प्लास्टिक गुंडाळतात, आणि आता कसं ऊबदार झालं म्हणून खूश होतात. आता हिशोब करा. एक कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमच्या वर शिट टाकते आणि त्यातलं तीन चतुर्थांश नुसतं पाणी असतं, शिवाय रात्रभर श्वासातून वाफ बाहेर पडत असते ती वेगळी. सहा-सात कोंबड्या आणि बंद पेटी म्हणजे ते सगळं पाणी हवेतच. ती हवा छताला लागली की गार होते, थेंब धरते, थेंब खाली कोंबड्यांच्या पाठीवर आणि तुऱ्यावर पडतात, आणि पहाटे तापमान अजून उतरलं की तीच ओल तुऱ्यावर गोठते. त्यात शिटेतून निघणारा अमोनिया, तो आपल्या नाकाला झोंबायला लागतो तोवर त्यांच्या फुफ्फुसांना आणि डोळ्यांना त्रास सुरू झालेला असतो.

म्हणून झरोके हवेतच, फक्त ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. कोंबड्या दांडीवर बसल्यावर त्यांचं डोकं जिथे येतं त्याच्या बऱ्यापैकी वर, छताच्या जवळ, आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींना. ओली गरम हवा वर चढते आणि वरूनच निघून जाते, खाली बसलेल्या कोंबड्यांना झोत लागत नाही. किती मोठे? सर्वसाधारण हिशोब दर कोंबडीमागे साधारण १ चौरस फूट उघडी जागा असा धरतात, अगदी वादळी रात्री त्यातला ज्या बाजूने वारा येतो तो भाग झाकला तरी चालेल पण सगळा कधीच नाही. झरोक्याला बारीक मजबूत जाळी लावायची आणि वरून छज्जा किंवा तिरकी फळी, नाहीतर वाऱ्याबरोबर भुरभुर बर्फ आत येऊन सगळा भुसा भिजवतो. डोक्याच्या पातळीच्या आणि त्याखालच्या फटी मात्र खरंच बुजवा, दाराखालची, फळ्यांच्या मधली, अंड्यांच्या पेटीच्या झाकणाखालची.

बरोबर जमलंय का हे कसं कळणार? भल्या पहाटे, दार उघडून मोकळी हवा आत जायच्या आधी, छताच्या आतल्या बाजूला हात फिरवा. हाताला ओल लागली, किंवा खिळ्यांची टोकं पांढरी झालेली दिसली, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी असली तर झरोके कमी पडतायत. मग गुडघ्यावर बसा, डोकं दांडीच्या उंचीला न्या आणि नाकाने खोल श्वास घ्या. डोळ्यात चुरचुरलं तर कोंबड्या रात्रभर त्यातच बसल्या होत्या हे लक्षात घ्या, उभ्याने तो वास कळत नाही कित्येकदा. आणि रात्री दांडीजवळ एखादं हलकं पीस दोऱ्याला बांधून लटकवा, ते जोरात हलत असेल तर तिथे झोत आहे. या तीन गोष्टींना पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि खुराड्यात थर्मामीटर लावण्यापेक्षा आर्द्रता दाखवणारं स्वस्तातलं मीटर लावलेलं जास्त उपयोगाचं, आतली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा फार वर राहत असेल तर अजून एक झरोका काढा.

भिंतींना इन्सुलेशन करायचं असेल तर करा, फायदाच आहे, छताला केलं तर आणखी चांगलं कारण थेंब तिथेच धरतात. पण थर्माकोल किंवा फोम उघडा ठेवू नका. कोंबड्यांना तो टोचून खायला इतका का आवडतो देव जाणे, पण भिंत पोखरून टाकतात, म्हणून वरून प्लायवूड ठोकायचंच.

खाली भुसा, वर दांडी

हिवाळ्यासाठी जाड थराची पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते. थंडी सुरू व्हायच्या आधी खुराडं एकदा पूर्ण साफ करायचं, सुकू द्यायचं आणि मग लाकडाच्या कोरड्या भुश्याचा किंवा रंध्याच्या सालींचा १५ सेंटीमीटरचा थर घालायचा. त्यानंतर रोज काढून फेकायचं नाही, वरून नवीन कोरडा भुसा घालत जायचं आणि दर दोन-चार दिवसांनी फावड्याने किंवा पंजाने उलटसुलट करायचं. थोडे मक्याचे दाणे विस्कटले की उलटसुलट करायचं निम्मं काम कोंबड्याच करतात. हळूहळू थर ३० सेंटीमीटरपर्यंत चढतो, खाली शिट आणि भुसा कुजायला लागतो आणि त्यातून थोडी ऊबही मिळते. थोडीच हं, खोली तापेल वगैरे अपेक्षा ठेवू नका, मुख्य फायदा म्हणजे ओल शोषली जाते आणि जमीन पायाला गार लागत नाही.

मूठभर भुसा हातात घेऊन दाबा, गोळा झाला तर ओल जास्त, तिथला काढा आणि कोरडा घाला. वास आला तरी तेच. दांडीच्या खाली सगळ्यात जास्त शिट पडते कारण रात्रभर तिथेच बसतात, तिथे एक फळी ठेवून सकाळी ती खरवडून टाकली तर खुराड्यातला बराचसा ओलावा तुम्ही बादलीत भरून बाहेर नेलात असं समजा. या एका सवयीचा फरक लगेच कळतो. वाळलेलं गवत मात्र अंथरू नका, ते ओल धरतं आणि बुरशी येते, कोरडा स्वच्छ पेंढा त्यातल्या त्यात बरा, अंड्यांच्या पेटीत तर छानच.

दांडी गोल आणि बारीक नको. रुंद आणि सपाट हवी, साधारण ९ सेंटीमीटर रुंदीची बाजू वर, म्हणजे कोंबडी बसली की तिची बोटं सपाट राहतात आणि पोटाची पिसं पूर्ण बोटांवर येतात. बारीक दांडीला बोटं खालून वळसा घालतात आणि पिसांच्या बाहेर राहतात, फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीने अंगाचा भाग गोठून मरणं, तिथे होतो. लोखंडी पाइप तर अजिबात नको. दर कोंबडीला २० ते ३० सेंटीमीटर जागा धरा, थंडीत त्या तशाही एकमेकींना चिकटूनच बसतात. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन एकदा बघून यायचं, कोणी एकटी खाली कोपऱ्यात बसली असेल तर तिला उचलून दांडीवर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर जरा लक्ष ठेवायचं.

हीटर लावायचा की नाही

माझं स्पष्ट मत, पूर्ण वाढलेल्या निरोगी कोंबड्यांना नको. आणि तो लाल रंगाचा २५० वॉटचा हीट लॅम्प तर कुठल्याच परिस्थितीत खुराड्यात टांगू नका. आत काय असतं बघा ना, कोरडा भुसा, पेंढा, हवेत तरंगणारी पिसांची धूळ, आणि उडून कशावरही आदळणारे पक्षी. लॅम्प पडला की संपलं, खुराड्यांना आगी लागतात त्यात या लॅम्पचा मोठा हात असतो, आणि खुराडं घराला किंवा गोठ्याला लागून असेल तर पुढचं सांगायला नको. दुसरं असं की सतत ऊब मिळाली तर कोंबडीला थंडीची सवय होत नाही, आणि वीज नेमकी वादळाच्या रात्रीच जाते, मग एका तासात तापमान २० अंश खाली आणि कोंबड्या तयार नाहीत.

तरीही ऊब द्यावीच लागेल अशा वेळा असतात. पिल्लं, नुकतंच आजारातून उठलेली कोंबडी, ऐन थंडीत पिसं गाळून बसलेली, किंवा सिल्की जातीची, कारण सिल्कीची पिसं केसांसारखी असतात आणि पाणी झटकत नाहीत. अशा वेळी सपाट पॅनेलचा कमी वॉटचा रेडिएंट हीटर भिंतीला स्क्रूने पक्का करा, कोंबडीला वाटलं तर जवळ येईल, नको असेल तर लांब जाईल. वायर त्यांच्या चोचीपासून लांब, बाहेरच्या वापराचीच, आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. नाहीतर सरळ अशा कोंबडीला घरात गॅरेजमध्ये वगैरे न्या, पण एकदा आत नेली की पूर्ण बरी होईपर्यंत आतच, दिवसा आत रात्री बाहेर असं केलं तर तिला आगीतून फुफाट्यात टाकल्यासारखं होतं.

आणि ते विणलेले स्वेटर, फोटोला गोड दिसतात, पण पिसं फुगवताच येत नाहीत आणि भिजले की अंगाला गार ओलं फडकं. नकोच.

पाणी, म्हणजे रोजची खरी कटकट

हिवाळ्यात कोंबड्या पाळण्यातलं ९० टक्के वैताग म्हणजे गोठलेलं पाणी. कोंबडीला थंडीत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, अंडी देत असेल तर जरा जास्तच, कारण अंड्यातलंच साधारण ७५ टक्के पाणी असतं. पाणी काही तास मिळालं नाही की ती खाणंही कमी करते, आणि खाणं कमी म्हणजे अंगात ऊब कमी, अंडी बंद. बर्फ टोचून खातात की असं काही जण म्हणतात, खातात खऱ्या, पण त्यावर भागत नाही, आणि पोटात गेलेला बर्फ वितळवायला अंगातलीच उष्णता खर्च होते.

वीज असेल तर भांड्याखाली ठेवायचा हीटेड बेस घ्या, थर्मोस्टॅटवाला, जो तापमान शून्याजवळ आलं की आपोआप चालू होतो. त्यावर धातूचं भांडं ठेवायचं, प्लास्टिक चालेल का ते बेसवर लिहिलेलं असतं ते वाचा. निपलवाली बादली, म्हणजे खाली चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्या असलेली, वापरत असाल तर नुसतं पाणी कोमट राहून उपयोग नाही, निपलची टोकं आधी गोठतात, बादली भरलेली दिसते आणि कोंबड्या तहानलेल्या, म्हणून रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून बघायचं.

वीज नसेल तर काळ्या रबराची घमेली दोन आणा. प्लास्टिकचं भांडं थंडीत तडकतं, रबराचं उलटं करून वर पाय दिला की बर्फाचा गोळा अख्खा निघून येतो. एक बाहेर, एक घरात वितळायला, सकाळी-दुपारी-संध्याकाळी कोमट पाणी घालून अदलाबदल. कोमटच, उकळतं नको. ऊन असेल तिथे घमेलं ठेवलं आणि बाजूला जुन्या टायरमध्ये पेंढा कोंबला तर पाणी जरा जास्त वेळ टिकतं. पाण्यात मिठाची बाटली तरंगत ठेवायची वगैरे युक्त्या सांगतात, कडाक्याच्या थंडीत त्याने काही होत नाही आणि बाटली फुटली तर मीठ पाण्यात, कोंबड्यांना जास्त मीठ विषासारखं आहे. त्याच कारणाने वाटेवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकू नका, त्या खडे समजून टिपतात, वाळू टाका.

पाणी ठेवायचं कुठे, तर जमत असेल तर खुराड्याच्या बाहेर, छप्पर असलेल्या जाळीच्या भागात. आत ठेवलं की सांडतं आणि परत ओल. रात्री अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत त्यामुळे रात्रीपुरतं आत नसलं तर हरकत नाही, पण पहाटे उजाडताच मिळायला हवं. आणि भांडं उथळ पसरट नको, ज्यांच्या चोचीखालची लाल कातडी लांब लोंबते, कोंबड्यांमध्ये विशेषतः नर, त्यांची ती कातडी पिताना पाण्यात बुडते आणि नंतर गोठते. अरुंद तोंडाचं भांडं ठेवलं की हा प्रकार थांबतो.

खाणं

थंडीत त्या जास्त खातात, एरवी दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास खाणारी कोंबडी कडाक्यात दीडशेच्या पुढे जाते. अंगात ऊब तयार करायचं इंधनच ते. मुख्य खाणं लेयर फीडच, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, साधारण १६ टक्के प्रथिनांचं, आणि ते दिवसभर पुढ्यात असावं. पिसं गळून नवीन येत असतील तर १८ ते २० टक्क्यांचं द्या, कारण पीस म्हणजे जवळजवळ नुसतं प्रथिनच असतं, आणि ते कमी पडलं तर अर्धवट पिसांनी ऐन थंडीला सामोरं जावं लागतं.

संध्याकाळी दांडीवर चढायच्या तासभर आधी मूठभर भरडलेला मका किंवा मिश्र धान्य द्यायचं. रात्रभर ते पचत राहतं आणि पचनातून ऊब निघते. पण मूठभरच, एकूण खाण्याच्या १० टक्क्यांच्या वर नको, नुसत्या मक्यावर कोंबडी लठ्ठ होते आणि प्रथिनं कमी पडतात. चढल्यावर हळूच गळ्याच्या खाली उजव्या बाजूला बोटं लावून बघा, तिथली पिशवी भरलेली, लिंबाहून मोठी आणि जरा टणक लागली पाहिजे. रिकामी लागली तर तिला बाकीच्या खाऊ देत नाहीयेत किंवा ती आजारी आहे. हे बघायची सवय लावून घ्या कारण हिवाळ्यात फुगलेल्या पिसांखाली कोंबडी वाळलेली आहे हे डोळ्याला कळतच नाही, छातीच्या मधलं हाड हाताला धारदार लागलं की समजायचं.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, खडे. दात नसल्यामुळे दाणे दळायला त्यांना पोटात बारीक खडे लागतात, एरवी त्या जमिनीतून उचलतात, पण सगळीकडे बर्फ असताना उचलणार कुठून, म्हणून वाटीत भरड वाळू-खडे वेगळे ठेवा. दुसरं शिंपल्यांचा चुरा, तोही वेगळ्या वाटीत, फीडमध्ये मिसळू नका, जिला लागेल ती खाईल.

सकाळी कोमट पाण्यात कालवलेलं फीड दिलं तर आवडीने खातात, पण अर्ध्या तासात संपेल इतकंच, उरलेलं गोठतं. मिरचीपूड घातल्याने अंग तापतं म्हणतात, तिखटाची जाणीव पक्ष्यांना होत नाही, त्यामुळे त्याने ऊब येणार नाही, नुसता खर्च.

अंडी कमी होतात, होऊ द्या

अंडी मुख्यतः थंडीमुळे कमी होत नाहीत, उजेड कमी पडल्यामुळे होतात. कोंबडीला सतत अंडी द्यायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि हिवाळ्यात तो मिळत नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगा बऱ्याचदा पहिला हिवाळा देत राहतात, जुन्या थांबतात. हवा असेल तर टायमर लावून छोटा एलईडी बल्ब पहाटे लावा, संध्याकाळी नाही, कारण संध्याकाळी दिवा फट्‌कन बंद झाला की ज्या अजून खाली आहेत त्यांना अंधारात दांडी सापडत नाही आणि त्या रात्रभर जमिनीवर बसतात. मी स्वतः लावत नाही, पिसं बदलून झाल्यावर अंगाला जरा आराम मिळालेला बरा. ज्याचा त्याचा प्रश्न.

अंडी मात्र दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. गोठलेलं अंडं आतून फुगतं आणि कवच तडकतं, तडकलेलं खाऊ नका, टाकून द्या. आणि फुटलेलं अंडं तिथेच राहिलं की कोणीतरी चव घेते आणि मग अंडी फोडून खायची सवय लागते ती सुटता सुटत नाही.

बाहेर काढायच्या का

दार उघडं ठेवा, ठरवू दे त्यांना. बहुतेक कोंबड्यांना ताजा बर्फ आवडत नाही, दारात उभ्या राहून मान वाकडी करून बघतात आणि परत आत जातात. फावड्याने एक वाट काढून त्यावर पेंढा टाकला की मग एकेक बाहेर येते. उभं राहायला फळ्या, ओंडके, पेंढ्याच्या गाठी ठेवा म्हणजे पाय बर्फातून वर राहतात. जाळीच्या आवाराला वाऱ्याच्या बाजूने पारदर्शक जाड प्लास्टिक लावलं, वर हातभर जागा मोकळी सोडून, तर आत ऊन येतं आणि वारा थांबतो, माझ्या मते हिवाळ्यासाठी केलेला सगळ्यात चांगला खर्च हाच. जोराचा गार वारा असेल त्या दिवशी मात्र दार बंदच राहू द्या.

वरच्या जाळीचं बघा. मऊ नायलॉनच्या जाळीवर बर्फ साचतो आणि ओला बर्फ इतका जड होतो की खांबासकट सगळं खाली येतं, तेव्हा बर्फ चालू असतानाच मधेमधे झाडूने खालून ठोकून पाडायचा. अजून एक जे पटकन लक्षात येत नाही, कुंपणाला लागून बर्फाचा ढीग झाला की कुंपणाची उंची तेवढीच कमी झाली, कोल्हा त्या ढिगावरून आरामात आत. हिवाळ्यात सगळ्याच शिकारी प्राण्यांना भूक असते. वीझलसारखा सडपातळ प्राणी अडीच सेंटीमीटरच्या भोकातून आत घुसतो, म्हणून साधी कोंबड्यांची षटकोनी जाळी पुरत नाही, अर्ध्या इंची वेल्डेड जाळी हवी. कड्या गोठतात, आपोआप बंद होणाऱ्या दाराच्या खाचेत बर्फ अडकतो आणि दार चार बोटं उघडं राहतं, संध्याकाळी डोळ्यांनी बघितल्याशिवाय झोपू नका.

आत अडकून पडलेल्या कोंबड्या कंटाळतात आणि कंटाळल्या की एकमेकींची पिसं उपटतात, रक्त दिसलं की सगळ्या त्याच जागी टोचतात. कोबीचा गड्डा दोरीने त्यांच्या मानेच्या जरा वर लटकवा, भुशात दाणे विस्कटा, एखादी जास्तीची दांडी लावा. मातीची अंघोळ त्यांना हिवाळ्यातही हवीच, एखाद्या खोक्यात कोरडी माती, वाळू आणि लाकडाची चाळलेली राख मिसळून छपराखाली ठेवा. हे नुसतं करमणुकीसाठी नाही, पक्ष्याच्या अंगावरच राहणाऱ्या एका जातीच्या गोचीडसदृश बारीक किडी थंडीतच जास्त वाढतात, तेव्हा आठवड्यातून एकदा शेपटीखालची पिसं बाजूला करून कातडी बघा, काळपट चिकट मळ किंवा हलणारे ठिपके दिसले तर लगेच औषध. आणि जंगली पक्षी फीडपर्यंत पोचू देऊ नका, हिवाळी स्थलांतराच्या काळात बर्ड फ्लू त्यांच्याबरोबर येतो.

तुरा काळा पडला तर

फ्रॉस्टबाइटमध्ये तुऱ्याची टोकं आधी फिकट, पांढरट-करडी होतात, मग सुजतात, नंतर काळी. चोळायचं नाही, हेअर ड्रायर नाही, गरम फडकं नाही. कोंबडीला कमी थंड कोरड्या जागी आणा आणि हळूहळू सावरू द्या. पाय गोठले असतील तर ३७-३८ अंशाच्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग टिपून पूर्ण कोरडे करा, पण ती परत त्याच रात्री गारठणार असेल तर हे करूच नका, एकदा वितळून परत गोठलं की नुकसान दुप्पट. फोड फोडू नका. काळं टोक कापू नका, खालची जिवंत कातडी तयार झाली की ते आपोआप गळून पडतं. सूज वाढली, पू आला किंवा कोंबडी खाईनाशी झाली तर पशुवैद्याला दाखवा. व्हॅसलीन लावल्याने फ्रॉस्टबाइट टळतो यावर माझा फारसा विश्वास नाही, खुराडं दमट असेल तर लावून न लावून सारखंच.

मोठ्या उभ्या तुऱ्याच्या जाती, लेगहॉर्नसारख्या, यात जास्त सापडतात. नवीन कोंबड्या घेणार असाल तर छोट्या, डोक्याला चिकटलेल्या तुऱ्याच्या घ्या, वायनडॉट, ब्रह्मा, बकआय. कॅनडातल्या क्युबेकमध्ये तर शांतक्लेर ही जात खास तिथल्या हिवाळ्यासाठीच तयार केली गेली, तुरा आणि चोचीखालची कातडी जवळजवळ नसल्यातच जमा. ब्रह्माच्या पायांवर पिसं असतात, त्यात ओल्या बर्फाचे गोळे अडकतात तेवढे संध्याकाळी काढून पाय कोरडे करावे लागतात. नवीन कोंबड्या आणायच्या त्या मात्र थंडीच्या आधी किंवा नंतर, ऐन हिवाळ्यात कळपात भांडणं लावायला जागाच नसते.

थंडीत पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन उभी राहिलेली कोंबडी ठीक आहे, तसंच करायचं असतं. डोळे मिटून, पंख खाली पाडून, बाकीच्यांपासून लांब आणि दाणे टाकले तरी न येणारी आजारी.

आणि बर्फ वितळायला लागला की सुटलो असं समजू नका, ओलीच्या दृष्टीने तोच काळ सगळ्यात वाईट. आवारात चिखल, भुसा भिजलेला, दिवसा ऊन आणि रात्री परत शून्याखाली. तेव्हा आवारात लाकडाच्या जाड साली टाका, खुराड्यातला खालचा थर हिवाळाभर साचलेला असतो तो रात्रीची थंडी ओसरल्यावर एका कोरड्या दिवशी सगळा उपसून काढा, तोंडाला मास्क लावून कारण धूळ आणि अमोनिया दोन्ही उठतं, आणि तो थेट झाडांना घालू नका, काही महिने ढिगात कुजू द्या, ताजी शिट मुळं जाळते.